शिरोलीतील एका फाउंड्री कामगाराची बेकारी: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणाविषयी

सतरा वर्षे एकाच कारखान्यात काम केलेल्या माणसाची नोकरी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. त्यानंतरच्या दहा महिन्यांत त्याच्या घरात कोणते निर्णय झाले, ते कोणी घेतले आणि ते घेताना त्यांच्या हाती कोणती माहिती होती, हे मांडण्यासाठी हा लेख आहे. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहिले असून ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणत. लेखातही तेच संबोधन ठेवले आहे. कामगार कुटुंबांसाठी चालणाऱ्या आमच्या समुपदेशन केंद्रात बेकारीची बरीच प्रकरणे येतात. त्यांतले हेच निवडण्याचे कारण असे की, या घरावर आलेल्या आपत्तीचा मोठा भाग नोकरी जाण्याने नव्हे, तर नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा आठवड्यांतील गप्प राहण्याने घडला, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूरचा फाउंड्री व्यवसाय, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचे काम, शिवाजी उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांतून वाढला आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत पसरला. ऑइल इंजिन आणि पंपांच्या भागांपासून सुरू झालेले हे काम आता बऱ्याच अंशी ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारींना लागणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, उभे आहे. वाहनांची विक्री घसरली की त्याची झळ काही आठवड्यांत शिरोलीच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचते. २०१९ साली नेमके हेच झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली, आणि अवजड मालवाहू वाहनांची स्थिती त्याहून वाईट होती. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराबाबतचे बीएस-६ मानक लागू होणार असल्यामुळे वाहन कंपन्या जुन्या मॉडेलचे उत्पादनही आवरते घेत होत्या. त्यातच ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस माल आत-बाहेर होऊ शकला नाही.

मिस्त्री २००२ पासून शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग, म्हणजे साचे भरण्याच्या, विभागात होते. कारखान्यात कायम कामगार सुमारे ८० आणि त्याशिवाय कंत्राटदाराकडची माणसे होती. मिस्त्रींचे एकूण वेतन महिन्याला १६,००० रुपये होते, त्यापैकी मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००; भविष्यनिर्वाह निधी वगैरे वजा जाऊन हातात १४,००० च्या आसपास येत. ओव्हरटाइम जून २०१९ मध्येच बंद झाला होता. घरात मधुमेह असलेली आई, शिवणकाम करणारी पत्नी, बारावी शास्त्र शाखेतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. घर स्वतःचे, पंचगंगेच्या काठच्या गावातले, दोन खोल्यांचे. त्यासाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचा हप्ता ४,२०० रुपये, आणि त्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस म्हणजे त्याच कारखान्यातला त्यांचा जुना सहकारी.

महापुरात घरात कमरेपर्यंत पाणी आले होते. भिंतीचा एक भाग आणि फरशी नव्याने करावी लागणार होती.

समस्या कशी उभी राहिली

३१ ऑगस्ट रोजी व्यवस्थापनाने अकरा कामगारांना एकेक करून कार्यालयात बोलावले. प्रत्येकासमोर एकाच मजकुराचा टंकलिखित कागद होता: वैयक्तिक कारणास्तव आपण स्वखुशीने राजीनामा देत आहोत आणि आपली कोणतीही रक्कम बाकी नाही. नावाची जागा तेवढी कोरी होती. सही केल्यास ग्रॅच्युइटी धरून एकरकमी १,५०,००० रुपयांचा धनादेश त्याच दिवशी मिळेल, न केल्यास पैसे कधी मिळतील ते सांगता येणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. कागद घरी नेऊ दिला नाही. मिस्त्रींनी सही केली.

या सहीची किंमत समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार किमान पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे, २६ दिवसांचा महिना धरून, १५ दिवसांचे वेतन मिळत असे. १३,००० रुपयांवर ही रक्कम वर्षाला ७,५०० आणि सतरा वर्षांची १,२७,५०० रुपये होते. ती राजीनामा दिला तरी मिळते आणि कारखाना कामगार कपात करो वा न करो, मिळायचीच असते. म्हणजे ‘एकरकमी’ म्हणून जे दिले त्यात खरी वाढीव रक्कम केवळ २२,५०० रुपये होती. याउलट, त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे रीतसर कपात झाली असती, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी १६,००० रुपये आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे सुमारे १,३६,००० रुपये, ग्रॅच्युइटीव्यतिरिक्त द्यावे लागले असते. एकूण देणे २,७९,५०० रुपयांच्या घरात जात होते आणि मिळाले १,५०,०००. शिवाय कपात करताना शेवटी लागलेल्या कामगाराला आधी कमी करावे, हा सर्वसाधारण नियम त्याच कायद्यात होता. इथे मात्र जास्त पगाराची, जुनी माणसे निवडली गेली आणि कंत्राटी माणसे त्याच विभागात कामावर राहिली.

दोन दिवसांनी, २ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती. घरात गणपती, गल्लीत मंडळाची वर्गणी, पाहुण्यांची ये-जा. अशा दिवसांत हे घरात कसे सांगायचे, म्हणून मिस्त्रींनी ते सणानंतर सांगायचे ठरवले; विसर्जन झाल्यावर पितृपंधरवडा आला, मग नवरात्र आले, आणि सांगायचे राहून गेले ते राहूनच गेले. रोज सकाळी डबा घेऊन ते नेहमीच्या वेळेला बाहेर पडत. काही दिवस त्यांनी उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावात फिरून काम शोधले, पण मंदीमुळे सगळीकडे माणसे कमीच केली जात होती. पुढे ते रंकाळा तलावावर बसून राहू लागले. तालमीत जाणे त्यांनी सोडले, कारण तिथे कारखान्यातली माणसे भेटत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी धनादेशाच्या पैशांतून १४,००० रुपये काढून पत्नीच्या हातात ‘पगार’ म्हणून ठेवले.

पत्नीला संशय आला होता. “डबा तसाच परत येतोय, मग जातासा तरी कुठं?” असे तिने एकदा विचारलेही, त्यावर भूक नसते, एवढेच उत्तर मिळाले. दिवाळीच्या आठवड्यात कमी केलेल्या दुसऱ्या एका कामगाराची पत्नी घरी आली आणि केस करायची की नाही, तुमचे काय ठरले, असे विचारून गेली. तेव्हा सगळे उघड झाले.

घरातल्या प्रत्येकावर झालेला परिणाम

मिस्त्रींची झोप उडाली. ते पहाटे तीनला उठून अंगणात फिरत, जेवण निम्म्यावर आले, मुलांशी बोलणे तुटले. केंद्रात आल्यावर ते म्हणाले, “घरात बसलो तर गल्ली विचारतीया, भाईर गेलो तर मन खातंय.” व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावात १९३० च्या सुमारास कापडगिरणी बंद पडल्यावर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला होता. काम नसलेल्या पुरुषांची चाल मंदावते, हाती भरपूर वेळ असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी होते आणि दिवसाला आकार राहत नाही, असे त्यांना आढळले. बायकांचा दिवस मात्र घरकामाने भरलेलाच राहतो. नव्वद वर्षांनंतर पंचगंगेकाठच्या या घरात चित्र फारसे निराळे नव्हते. पाळीचा भोंगा, हजेरी, साचे किती भरले याची दिवसाअखेरची मोजणी या गोष्टी पगाराच्या कागदावर दिसत नाहीत, पण सतरा वर्षे त्यांनीच त्या माणसाचा दिवस बांधून ठेवला होता.

पत्नीवर दुहेरी भार पडला. तिने शिवणकाम वाढवले आणि नोव्हेंबरपासून राजारामपुरीतल्या एका खानावळीत भाकरी करायला जाऊ लागली. पाटल्या तिने सोनेतारणावर ठेवल्या. तिचा राग नोकरी गेल्याचा नव्हता, दोन महिने आपल्याला परके समजल्याचा होता, आणि हा फरक तिने आम्हाला फार स्पष्ट शब्दांत सांगितला.

आईच्या बाबतीत जे घडले ते टाळता येण्यासारखे होते म्हणून जास्त बोचते. नोकरी गेली म्हणजे कामगार विमा योजनेचे (ईएसआय) कार्डही गेले, असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या आणणे बंद केले. काही आठवडे बाहेरून निम्म्या गोळ्या विकत आणल्या, मग त्याही थांबल्या. वास्तविक या योजनेत एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि त्याआधीच्या सहामाहीच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा काळ भागतो. मिस्त्रींचे कार्ड जून २०२० पर्यंत उपचारांसाठी चालणार होते. डिसेंबरात आईच्या पायाला चिघळलेली जखम घेऊनच हे कुटुंब सीपीआर रुग्णालयात पोहोचले.

मुलीसाठी मामांनी स्थळ आणले. “पोरगी उजवून टाका, एक तोंड कमी होईल,” हा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकालाही वावगा वाटला नाही. तिला अठरा पूर्ण व्हायला काही महिने होते आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती.

मुलाची गोष्ट सर्वांत उशिरा कळली. सप्टेंबरच्या अखेरीस मित्रांबरोबर रंकाळ्यावर गेलेला असताना त्याने वडिलांना दुपारी घाटावर एकटे बसलेले पाहिले होते. त्याने ते कोणालाही सांगितले नाही. त्यानंतर त्याची शाळेतली हजेरी घसरत गेली आणि सहामाही परीक्षेत तो तीन विषयांत नापास झाला. आईवडिलांना वाटले, मुलगा मोबाइलमुळे बिघडला. तेरा वर्षांचा तो मुलगा महिनाभर वडिलांचे गुपित सांभाळत होता, हे आजही मला या प्रकरणातले सर्वांत जड सत्य वाटते.

पहिला निर्णय: आधी काय हाती घ्यायचे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्नी एकटीच केंद्रात आली. तिचा प्रश्न हक्काच्या पैशांचा नव्हता. आदल्या रात्री मिस्त्रींनी तिला विम्याची पॉलिसी कपाटात कुठे ठेवली आहे ते दाखवले होते आणि मी नसलो तरी तुमचे भागेल, असे म्हटले होते. कायद्याच्या दृष्टीनेही त्या आठवड्यात घाई होती, कारण अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली तक्रार करण्याची ९० दिवसांची मुदत नुकतीच, नोव्हेंबरअखेरीस, उलटून गेली होती आणि विलंब माफीचा अर्ज करायचा तर तो लगेच करणे भाग होते. तरीही कागद बाजूला ठेवून आधी माणूस सांभाळायचा, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी पत्नी आणि धाकटे चुलतभाऊ त्यांना सीपीआरच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले. नैराश्याचे निदान होऊन उपचार सुरू झाले. काही आठवडे त्यांना एकटे न ठेवण्याची पाळी चुलतभावाने आणि तालमीतल्या दोन जुन्या सोबत्यांनी वाटून घेतली. ज्या तालमीला ते टाळत होते, तिथल्याच माणसांनी एकही प्रश्न न विचारता हे केले.

मरणाची भाषा, विम्याची चौकशी, वस्तू आणि कागदपत्रे सोपवून टाकणे ही लक्षणे बेकारीच्या काळात दिसली, तर इतर प्रत्येक गोष्ट त्यानंतरची असते. आज अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्या काळी ती सोय नव्हती.

पुढचे पर्याय आणि त्यांचे वजन

डिसेंबरच्या मध्यावर घरातले सगळे, मुलांसह, एकत्र बसले. हाती काय आहे ते प्रथमच एका कागदावर उतरले. दीड लाखांपैकी ४५,००० घराच्या दुरुस्तीला, ३०,००० पुरानंतर घेतलेली उसनवार फेडण्यात आणि उरलेले बरेचसे घरखर्चात गेले होते. शिल्लक पन्नास हजारांच्या आत होती. पतसंस्थेचे दोन हप्ते थकले होते आणि वसुली अधिकारी जामीनदाराकडे जाऊन आला होता. भविष्यनिर्वाह निधीत मात्र सुमारे ३,४०,००० रुपये अजून शाबूत होते.

नातेवाइकांचा जोर या निधीवर होता. सगळी रक्कम काढून जुना टेम्पो घ्यावा, स्वतःचा धंदा करावा, हा मार्ग मेहुण्यांनी जवळजवळ पक्का केला होता. तेव्हाच्या नियमांप्रमाणे बेकारीच्या एका महिन्यानंतर निधीतील ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सर्व रक्कम काढता येत असे, त्यामुळे अडचण नियमांची नव्हती. अडचण अशी होती की, मिस्त्रींना गाडी चालवण्याचा अनुभव नव्हता, मंदीत माल वाहतुकीलाच मागणी नव्हती, आणि घरातली शेवटची पुंजी अशा माणसाच्या हातात द्यायची होती, ज्याला त्या क्षणी रात्रभर झोप लागत नव्हती. पत्नीने टेम्पोला ठाम नकार दिला. तिच्या भावाला तो नकार लागला आणि काही महिने त्यांचे येणे-जाणे थांबले. निधीतून केवळ ६०,००० रुपये काढायचे, त्यातून थकलेले हप्ते आणि सोनेतारणाचे व्याज भरायचे आणि बाकी रकमेला हात लावायचा नाही, असे ठरले. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय होता, आणि तो घेणारी व्यक्ती पुढे पुढे करणाऱ्यांपैकी कोणीच नव्हती.

चाकणला जाऊन काम शोधण्याचाही विचार झाला. पण तिथे वाहन उद्योगाची स्थिती वेगळी नव्हती, खोलीचे भाडे आणि दोन चुली परवडणार नव्हत्या, आणि उपचार चालू असताना त्यांना एकटे दूर पाठवणे धोक्याचे होते. हा पर्याय लवकरच मागे पडला.

मुलीच्या लग्नाचा विषय बैठकीत मुलीनेच काढला. परीक्षेपर्यंत मला कोणी काही विचारू नये, एवढेच ती म्हणाली. मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मेहुण्यांना फोन करून स्थळ नाकारल्याचे सांगितले. नोकरी गेल्यानंतर घरातल्या एखाद्या प्रश्नावर त्यांनी स्वतः घेतलेला हा पहिला निर्णय होता.

तक्रार करायची की नाही, यावर मात्र घरात दुमत होते. शिरोलीत सगळे एकमेकांना ओळखतात, तक्रारखोर म्हणून नाव झाले तर दुसरीकडे कोणी ठेवून घेणार नाही, ही मिस्त्रींची भीती खोटी नव्हती. पत्नीचे म्हणणे होते की नाव तर आताही कुठे उपयोगी पडते आहे. शेवटी अकरांपैकी सात जणांनी एकत्र जायचे ठरवले, आणि एकट्याने नव्हे तर सातांनी जाणे यानेच ती भीती बरीचशी कमी झाली.

केलेली कार्यवाही

सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज दाखल झाले. ९० दिवसांची मुदत गेली असली, तरी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २-ए खाली सेवा संपुष्टात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत वैयक्तिक विवाद उभा करता येत होता आणि समेटासाठी अर्ज केल्यानंतर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येत होते. कारखान्याचा बचाव एकच होता: राजीनामे स्वखुशीचे आहेत. सात जणांनी मांडलेली बाजू साधी आणि मजबूत होती. अकरा माणसांना एकाच दिवशी, एकाच मजकुरात, एकाच टंकात वैयक्तिक कारण सुचत नाही. सोबत बँकेत जमा झालेल्या रकमांच्या नोंदी, पगाराच्या पावत्या आणि कंत्राटी माणसे त्याच विभागात काम करीत असल्याची माहिती दिली गेली.

याच टप्प्यावर आणखी एक देणे लक्षात आले, जे कोणाच्याच ध्यानात नव्हते. तेव्हाच्या बोनस कायद्यानुसार वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला त्या वर्षाचा बोनस, किमान ८.३३ टक्के, मिळत असे आणि तो आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यायचा असे. २०१८-१९ हे वर्ष या सर्वांनी पूर्ण काम केले होते. ऑगस्टमध्ये नोकरी गेली म्हणून मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा बोनस बुडत नाही. तो अर्जात जोडला.

पतसंस्थेशी बोलणे त्या मानाने सोपे गेले. मिस्त्री आणि जामीनदार दोघे मिळून व्यवस्थापकांना भेटले, थकबाकी भरली आणि सहा महिन्यांसाठी हप्ता २,५०० रुपयांवर आणून मुदत वाढवून घेतली. आईची औषधे विमा दवाखान्यातून पुन्हा सुरू झाली.

एक दावा मात्र करता आला नाही. कामगार विमा योजनेत जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली होती आणि तेव्हाच्या तरतुदीनुसार पात्र बेकार कामगाराला सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळत असे. मिस्त्रींच्या बाबतीत हे सुमारे १२,००० रुपये झाले असते. पण स्वेच्छेने निवृत्त झालेल्यास हा लाभ नव्हता आणि त्यांच्या सहीचा कागद नेमके तेच सांगत होता. कपात केल्याचे पत्र द्यायला कारखाना शेवटपर्यंत तयार झाला नाही.

कामाचा शोध मिस्त्रींनी जानेवारीत पुन्हा सुरू केला तो वेगळ्या पद्धतीने. कारखान्यांच्या फाटकावर उभे राहण्याऐवजी ते उद्यमनगरातल्या जुन्या ओळखीच्या पॅटर्नवाल्यांकडे, म्हणजे साच्यासाठी लागणारे नमुने बनवणाऱ्यांकडे, गेले. कोणत्या फाउंड्रीत नवे पॅटर्न जात आहेत, म्हणजेच कुठे काम येणार आहे, हे पॅटर्न करणाऱ्याला सर्वांत आधी कळते. त्यातून एका लहान जॉबिंग फाउंड्रीत महिना १२,५०० वर काम मिळाले. पगार कमी होता, पण वाळूचा ओलावा हाताने तपासून कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेची पोकळी) येणार की नाही हे सांगू शकणारा माणूस तिथल्या मालकाला हवा होता. मिस्त्रींच्या प्रकृतीत या दोन महिन्यांत जो फरक पडला, त्यात औषधांइतकाच याचाही वाटा असावा.

दुसरा मोठा निर्णय: तडजोड की न्यायालय

फेब्रुवारीच्या अखेरीस कारखान्याने प्रत्येकी ८०,००० रुपये आणि बोनस देण्याची तयारी दाखवली. कायद्याने निघणारा फरक १,२९,५०० रुपयांचा होता. दोन मते समोर होती आणि दोन्हींत तथ्य होते. न्यायालयात गेल्यास पूर्ण रक्कम, कदाचित पुन्हा कामावर घेण्याचा आदेशही मिळू शकला असता, आणि दबावाने घेतलेल्या राजीनाम्यांची ही पद्धत उजेडात आली असती. पण त्याला लागणारी वर्षे, प्रत्येक तारखेला बुडणारा रोज आणि नव्या मालकाची नाराजी हे सगळे त्या एका घराला सोसायचे होते. सातांपैकी दोघांनी न्यायालयाचा मार्ग धरला. मिस्त्रींसह पाच जणांनी तडजोड स्वीकारली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे मिळाले.

पुढे २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागली आणि लहान फाउंड्री बंद पडली. ती तडजोडीची रक्कम नसती तर एप्रिल आणि मे महिने कसे गेले असते, हे सांगणे कठीण आहे. मात्र यावरून तडजोडीचा निर्णय बरोबर ठरला असे म्हणणे मला पटत नाही, कारण तो घेताना टाळेबंदी कोणालाच दिसत नव्हती. तो योग्य होता तो एवढ्याचसाठी की, या वेळी रक्कम, हक्क आणि धोका तिन्ही समोर ठेवून आणि पत्नीशी बोलून तो घेतला गेला.

फलित

जून २०२० मध्ये कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा परप्रांतीय कामगार गावी गेलेले होते आणि जाणत्या माणसांची टंचाई होती. मिस्त्रींना शिरोलीतल्याच दुसऱ्या फाउंड्रीत मोल्डिंग लाइनवर सुपरवायझर म्हणून १५,५०० रुपयांवर घेतले गेले. तक्रारखोर म्हणून नाव झाल्याचा प्रश्न तिथे निघाला नाही. उपचार पुढे वर्षभर चालू राहिले.

मुलीची परीक्षा टाळेबंदीपूर्वी पार पडली आणि तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पत्नीने खानावळीतले काम सोडले नाही; घराची गरज भागल्यावरही ते चालू ठेवायचे, असे तिने सांगितले आणि बँकेचे खातेही आता दोघांच्या नावावर आहे. आईच्या पायाचे एक बोट काढावे लागले. जामीनदार मित्राशी बोलणे सुरू आहे, पण पूर्वीसारखे घरी येणे-जाणे राहिलेले नाही. मुलगा आठवीच्या पुढे सरकला खरा, तरी शाळेशी त्याचे जुळायला दोन वर्षे लागली.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा ३१ ऑगस्टचे कार्यालय. तिथे मिस्त्रींकडे नकार देण्याचे बळ नसेल, तरी एक दिवस मागून घेणे शक्य होते, आणि तेही न मिळाल्यास सहीखाली स्वतःच्या अक्षरात ‘हरकतीसह’ एवढे लिहिणे शक्य होते. पण एकट्या माणसाकडून त्या खोलीत ही अपेक्षा करणे फारसे न्याय्य नाही. जून महिन्यात आठवड्याला दोन दिवस काम बंद होऊ लागले आणि ते दिवस रजेतून कापले जाऊ लागले, तेव्हाच कामगारांनी एकत्र येऊन विचारायला हवे होते. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात अशा दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद होती. त्या वेळी प्रश्न विचारण्याची सवय लागली असती, तर ऑगस्टात अकरा जण एकेकटे आत गेले नसते. व्यवस्थापनाकडेही दुसरा रस्ता होता. मंदी खरी होती, कपात कदाचित अटळ होती. पण रीतसर कपात केली असती, तर कामगारांना योजनांचा लाभ मिळाला असता आणि कारखान्याच्या आयुक्त कार्यालयातल्या फेऱ्या वाचल्या असत्या.

दुसरी जागा सप्टेंबरचे घर. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात पत्नीला सांगितले असते, तर ९० दिवसांची मुदत हातात होती, आईच्या गोळ्यांबद्दल दवाखान्यात एकदा विचारून घेता आले असते आणि खोट्या पगाराची वेळ आली नसती. यासाठी त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. कमावता पुरुष म्हणजे घराचा आधार, ही समजूत गल्लीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर लादलेली होती.

या प्रकरणातल्या मुदती आणि कलमे त्या काळच्या कायद्याची आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत वैयक्तिक विवादाची मुदत तीनऐवजी दोन वर्षांची आहे आणि कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत द्यायची आहे. भविष्यनिर्वाह निधी काढण्याचे नियमही बदलले आहेत. म्हणून आज अशा वेळी पहिल्याच आठवड्यात कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन चालू नियम विचारून घ्यावेत.

तिसरी जागा मुलगा. घरातल्या मोठ्यांना वाटत होते की मुलांना काही माहीत नाही, आणि प्रत्यक्षात त्यालाच सर्वांत आधी माहीत होते. बैठकीत मुलांना बसवले ते डिसेंबरात. ते ऑक्टोबरच्या अखेरीस, पत्नीला कळले त्याच आठवड्यात व्हायला हवे होते, आणि वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती एका वाक्यात तरी सांगायला हवी होती. आता आमच्याकडे बेकारीचे प्रकरण आले की पहिल्या भेटीतच मुलांची शाळेतली हजेरी विचारली जाते.